रमजान की रमादान? आणि या शब्दाचा उगम काय?

जालनेकर:
नमस्कार मंडळी. शाळेच्या भित्तिपत्रकात रमजानवर चौकट द्यायची आहे. शब्दाचा अर्थ "कडक ऊन" असा वाचला. मग 2026 चा रमजान फेब्रुवारीत कसा लागला? शिवाय हल्ली बरेच जण "रमादान" लिहितात. मुलांना बरोबर कोणतं सांगायचं?

गोदाकाठ:
अर्थ बरोबर आहे. अरबीत "रमदा" म्हणजे उन्हानं तापलेली जमीन, वाळू. महिन्याचं नाव त्याच धातूचं आणि इस्लामच्या आधीपासूनचं. नाव पडलं तेव्हा तो उन्हाळ्यात येत होता, असं जुने अरबी कोशकार सांगतात. रोज्यांनी पापं जळून जातात म्हणून रमजान, हा अर्थ श्रद्धेनं नंतर लावलेला. तो जरूर द्या, पण व्युत्पत्ती म्हणून देऊ नका. रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले हिजरी (इस्लामी कालगणनेच्या) सन 2 मध्ये, म्हणजे नाव आधीचं. कुरआनात नावानिशी आलेला महिनाही हा एकच (2:185).

आता फेब्रुवारीचं. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, म्हणून प्रत्येक महिना दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो. आपल्या पंचांगात ही तूट अधिक मासानं भरून काढतात, म्हणून वैशाख उन्हाळ्यातच राहतो. अरबांतही महिने मागेपुढे करायची "नसी" नावाची चाल होती, ती कुरआननं (9:37) बंद केली. तेव्हापासून रमजान सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2018 मध्ये तो मेच्या मध्यावर लागला होता, मराठवाड्याच्या ऐन उन्हात. 2030 मध्ये तर जानेवारीत आणि डिसेंबरअखेर असा दोनदा लागेल.

काजीगल्ली:
"रमादान" हा अरबी उच्चाराच्या जवळचा, "रमजान" फारसीतून आलेला. मुळात तिथे "ज़ाद" हे अक्षर आहे. अरब ते जड "द"सारखं म्हणतात, फारसीत त्याचा "झ" होतो. दख्खनच्या दरबारात आणि दफ्तरात फारसी चालायची, त्यामुळे आपल्याकडे हे अक्षर सगळीकडे "ज" होऊन आलं: काजी, कर्ज, अर्ज, हजर, जामीन, कब्जा, रजा, एवढंच काय, जिल्हासुद्धा! या प्रत्येकात तेच ज़ाद आहे. "कादी" आणि "कर्द" आपण म्हणत नाही, तर मराठीत "रमजान"च लिहा. "ज" मात्र "जमीन"मधला, "जीवन"मधला नव्हे.

"रोजा" हाही फारसीच, "रोज" म्हणजे दिवस यावरून. अरबीत उपवासाला "सौम" म्हणतात.

जालनेकर:
फार छान, मुलांना जिल्हा आवडेल. वेळांचंही थोडं सांगाल?

गोदाकाठ:
सहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं खाणं, सूर्योदयापर्यंत चालते, ही चूक नेहमी छापली जाते. रोजा पहाट फुटताच, फजरच्या वेळेला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी. सुटतो सूर्यास्ताला.

वेळांचा तक्ता ज्या गावचा त्याच गावाला वापरा. रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटं. नांदेड संभाजीनगरच्या पूर्वेला सुमारे 2 अंश, म्हणून तिथे पहाट आणि सूर्यास्त दोन्ही 8 मिनिटं आधी. संभाजीनगरचा तक्ता नांदेडात लावला तर पहाट झाल्यावरही सहरी चालू राहील. नांदेडचा संभाजीनगरात लावला तर सूर्य मावळायच्या आधीच रोजा सुटेल. चौकटीत जालन्याच्याच वेळा टाका.