शब्दचर्चा: हॅन्सर्डमधला तारा, 'व्होट्स' आणि 'लोकेशन' (भावनगरींचे प्रश्न, १९०२ ते १९०५)

विचारणा

सर मंचेरजी भावनगरी १८९५ ते १९०६ या काळात बेथनल ग्रीनच्या ईशान्य मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे कॉमन्स सभेत होते. मुंबईचे पारशी, पण दादाभाईंच्या विरुद्ध गोटातले. काँग्रेसवाल्यांनी त्यांच्या आडनावाची 'बाउ अँड अ‍ॅग्री' (लवून होकार देणारे) अशी टिंगल केली होती. तरी दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सव्हाल आणि नाताळ या वसाहतींमधल्या हिंदी लोकांसाठी त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या मंत्र्यांना सतत प्रश्न विचारले. ते प्रश्न आणि भाषणे मराठीत आणायची आहेत. अडलेल्या जागा अशा:

हॅन्सर्डमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या भाषणांच्या छापील वृत्तांतात, नावाआधी कधी तारा असतो, कधी नसतो. 'तारांकित' लिहावे का? 'सर्क्युलेटेड विथ द व्होट्स' म्हणजे काय? 'आय बेग टु आस्क' मधल्या 'बेग'चे काय करावे? आणि 'लोकेशन', 'बझार' जसेच्या तसे ठेवावेत का?

उत्तर

तारांकित लिहू नका. तिथे दोन वेगळे तारे आहेत आणि घोळ त्यातूनच होतो.

पहिला तारा सभागृहात विचारायच्या प्रश्नांच्या छापील यादीवरचा. १९०२ साली सभागृहाचे नेते बाल्फर यांनी कामकाजाचे नियम बदलले. ज्याला तोंडी उत्तर हवे त्याने सूचनेवर तारा करायचा, तारा नसेल तर उत्तर छापून मिळणार, असे तेव्हा ठरले. आपल्या विधिमंडळातला 'तारांकित प्रश्न' याच प्रथेचा वंशज.

दुसरा तारा हॅन्सर्डमधला, वक्त्याच्या नावाआधीचा. १८९२ ते १९०८ या चौथ्या मालिकेत त्याचा अर्थ एवढाच, की छापण्याआधी हे भाषण सदस्याने स्वतः तपासून दुरुस्त केले आहे. तोंडी-लेखीशी त्याचा संबंध नाही. तळटीप द्यायचीच तर 'सदस्याने तपासलेला मजकूर' अशी द्या. तारा नसलेले भाषण वार्ताहरांच्या हातचे. १९०९ पर्यंत हॅन्सर्ड कंत्राटदार काढत असे आणि बराच मजकूर वृत्तपत्रांवरून जुळवलेला असे. म्हणून त्यात 'ते म्हणाले की' अशी अप्रत्यक्ष वाक्यरचना दिसते. अशा मजकुराचा 'मी' करून अवतरणचिन्हांत घालणे ही अनुवादातली सर्वात सर्रास चूक. ते भावनगरींचे शब्द नव्हेत, त्यांचा गोषवारा आहे.

उत्तर

'व्होट्स'वर अडखळणे साहजिक आहे, कारण याच पानांत हा शब्द तीन अर्थांनी येतो.

'सर्क्युलेटेड विथ द व्होट्स' मध्ये मतांचा काही संबंध नाही. सभागृहाच्या रोजच्या निर्णयांची जी छापील नोंद दुसऱ्या दिवशी सदस्यांना मिळते, तिचे नाव 'व्होट्स अँड प्रोसीडिंग्ज'. लेखी उत्तरे तिच्यासोबत वाटली जात. मराठीत 'दैनिक कार्यवृत्तासोबत वाटलेली उत्तरे'. 'मतांसोबत फिरवलेली' असे कुठे छापलेले दिसले तर तो अनुवाद बाजूला ठेवलेला बरा.

'कलोनियल ऑफिस व्होट' म्हणजे त्या खात्याच्या खर्चाची मागणी. तिच्यात शंभर पौंडांची कपात सुचवून खात्याच्या कारभारावर बोलायची वाट काढत. इथे आपला 'कपात सूचना' हा शब्द चपखल बसतो. शंभर पौंड वाचवणे हा हेतू कधीच नसतो, हे मात्र एकदा सांगून टाका.

तिसरा अर्थ साधे मत. तो मतविभागणीच्या यादीत भेटेल.

यातून एक गोष्ट उलगडते. भारतमंत्र्याचा पगार तेव्हा हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई, त्यामुळे त्यावर कपात सूचना आणायची सोयच नव्हती. हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकाची चर्चा अधिवेशन संपता संपता, रिकाम्या बाकांसमोर व्हायची. वसाहतमंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीतून जाई, म्हणून नाताळ-ट्रान्सव्हालचा विषय वसाहत खात्याच्या मागणीवर काढता येत असे. एरवी भिस्त प्रश्नांवरच.

विचारणाऱ्याचा उपप्रश्न

मग तोंडी कोणता आणि लेखी कोणता, हे छापील पानावर ओळखायचे कसे?

उत्तर

सुरुवातीच्या शब्दांवरून. 'आय बेग टु आस्क' असेल तर प्रश्न सभागृहात उभे राहून विचारला. नुसते 'टु आस्क' असेल आणि उत्तराआधी 'आन्सर्ड बाय मिस्टर सेक्रेटरी लिटल्टन' अशी कंसातली ओळ असेल तर तो लेखी (लिटल्टन हे तेव्हाचे वसाहतमंत्री). एक अपवाद लक्षात ठेवा. १९०२ नंतर प्रश्नांना रोज पाऊण तासाच्या आतच वेळ होता. वेळ संपली की उरलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरेही छापूनच मिळत. त्यामुळे लेखी विभागात दिसला म्हणून सदस्याला तोंडी उत्तर नको होते, असा निष्कर्ष काढू नका.

'बेग' हा निव्वळ शिरस्ता. 'विनंती करतो' इतकेही नको, 'माझा वसाहतमंत्र्यांना प्रश्न आहे की' पुरे. 'आय मस्ट आस्क फॉर नोटिस' हे मंत्र्याचे उत्तर उपप्रश्नाला असते. अर्थ: 'याची स्वतंत्र सूचना द्यावी.' तिथे 'नोटीस बजावावी' केलेत तर मंत्री कोर्टात जाऊन बसतील.

उत्तर

पदनामांकडेही बघा. 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' म्हणजे सचिव नव्हे, मंत्री. भारतमंत्री, वसाहतमंत्री हे मराठीत रुळलेले शब्द आहेत, तेच वापरा. १९०३ पर्यंतचे भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन हे नावाला 'लॉर्ड' असले तरी कॉमन्सचेच सदस्य. ड्यूकचे धाकटे चिरंजीव म्हणून ती उपाधी. 'लॉर्ड्स सभेत उत्तर देताना' अशी जोड अनुवादक स्वतःहून देतात, ती चूक.

'माय ऑनरेबल फ्रेंड' मधला 'मित्र' मात्र गाळू नका. तो शब्द स्वपक्षीयासाठी असतो. लिटल्टन किंवा त्यांच्या आधीचे वसाहतमंत्री चेंबरलेन भावनगरींना मित्र म्हणतात तेव्हा वाचकाला कळले पाहिजे, की सरकारी बाकांवरचाच माणूस सरकारला खोदून विचारतो आहे. 'लर्नेड' वकिलासाठी, 'गॅलंट' लष्करी अधिकाऱ्यासाठी. तिथे कोणाची विद्वत्ता किंवा शौर्य ठरवायचे नसते.

उत्तर

'लोकेशन' आणि 'बझार' मूळ रूपातच ठेवा आणि पहिल्या वापराला टीप द्या. 'ठिकाण' किंवा 'बाजार' लिहिले की मुद्दाच नाहीसा होतो.

ट्रान्सव्हालच्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने आशियाई लोकांना नागरिकत्व नाकारले, आल्यापासून आठ दिवसांत नोंदणीची सक्ती केली आणि त्यासाठी पंचवीस पौंड लावले. पुढच्या दुरुस्तीत ते तीन झाले. त्याच कायद्याने सरकारला त्यांच्या राहण्यासाठी ठरावीक गल्ल्या, वॉर्ड आणि 'लोकेशन' नेमून देण्याचा अधिकार दिला. म्हणजे शहराबाहेर काढून दिलेली सक्तीची वस्ती. बोअर युद्धानंतर ब्रिटिश अंमल आला तरी कायदा तसाच राहिला, आणि १९०३ च्या अधिसूचनेत त्याच जागांना 'बझार' हे गोंडस नाव मिळाले. मंडई समजून वाचणारा इथे हमखास फसतो.

सगळ्यात जपण्यासारखा शब्द 'हॅबिटेशन'. हिंदी व्यापाऱ्यांचे दुकान लोकेशनबाहेर असू शकते का, हा सगळा वाद या एका शब्दावर लढला गेला. १८९८ साली प्रिटोरियाच्या न्यायालयाने बहुमताने ठरवले की त्यात धंदाही येतो. मे १९०४ मध्ये, हबीब मोटन यांच्या दाव्यात, ट्रान्सव्हालच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट निर्णय दिला: शब्द राहण्यापुरताच आहे, व्यापार बाहेर करता येईल. म्हणून 'वास्तव्य' लिहू नका, तो फार सैल आहे. 'निवास' लिहा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. मे १९०४ च्या आधीचा प्रश्न आणि नंतरचा प्रश्न यांचा रोख वेगळा आहे, त्यामुळे प्रत्येक प्रश्नावर तारीख हवीच.

उत्तर

'ब्रिटिश इंडियन'साठी 'भारतीय' नको वाटते. त्या काळच्या मराठीत 'हिंदी लोक'.

उत्तर

सहमत, पण 'हिंदी व्यापारी', 'हिंदी मजूर' असे नामासह वापरा. नुसते 'हिंदी' लिहिले तर आजचा वाचक भाषा समजतो. 'एशियाटिक' मात्र 'आशियाई'च ठेवा. कायद्याची भाषा तीच होती, आणि भावनगरी जिथे 'ब्रिटिश प्रजाजन' म्हणतात तिथे मंत्री 'एशियाटिक' म्हणत असतील तर तो फरक अनुवादात दिसला पाहिजे. करारावर नाताळला नेलेल्यांसाठी 'गिरमिटिया' चालेल. ट्रान्सव्हालमधल्या व्यापाऱ्यांना तो लावू नका, ते स्वखर्चाने गेलेले होते.