फीटल एको: करावा का, कधी, कोणाकडे?

कोयनाकाठ:
20 वा आठवडा चालू आहे, राहायला कराडजवळ. शुगर लग्नाआधीपासूनची, इन्सुलिन घेते. परवा ॲनॉमली स्कॅन (बाळात काही व्यंग आहे का बघणारी सोनोग्राफी) झाला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की हृदयाचे चारही कप्पे दिसले, पण बाळाची पाठ वर असल्याने आउटफ्लो ट्रॅक्ट (हृदयातून मोठ्या रक्तवाहिन्या निघतात तो भाग) नीट दिसले नाहीत. मॅडमनी फीटल एको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी) सांगितलाय. सासूबाई म्हणतात, परत परत मशीन लावून बाळाला त्रास होईल. खरंच गरज आहे का?

डॉ_स्पंदन:
करून घ्याच. शुगर आधीपासून असेल तर स्कॅन स्वच्छ आला तरी आम्ही एको सांगतो. आणि चार कप्पे दिसले एवढ्यावर विसंबू नका. हृदयातून निघताना महाधमनी आणि फुप्फुसधमनी एकमेकींना ओलांडून जातात. टीजीए या दोषात त्या चुकीच्या कप्प्यांतून निघून समांतर जातात, आणि तरीही चार कप्प्यांचं चित्र बहुतेकदा नॉर्मलच दिसतं! तुमचं नेमकं तेच बघायचं राहिलंय.
एको 18 ते 24 आठवड्यांत करतात, तुम्ही 22 च्या आत उरका. काही गंभीर निघालं तर गर्भजल तपासणी, दुसरं मत यात दिवस जातात, आणि 24 आठवड्यांनंतर गर्भपाताचा निर्णय मेडिकल बोर्डाकडे जातो. सासूबाईंना सांगा, ही सोनोग्राफीच आहे, एक्स-रे नव्हे.

मिरजेची_माई:
ताई, आमच्या धाकट्याचा टीजीए पोटात असतानाच कळला. खूप रडले. पण त्यामुळेच बाळंतपण गावात न करता लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशन्स होतात तिथे केलं. जन्मल्याबरोबर प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप लावली, या दोन धमन्यांना जोडणारी डक्टस नावाची नळी बंद होऊ नये म्हणून. दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन. आता बालवाडीत जातो, घरभर धुडगूस असतो. निळं पडलेलं बाळ घेऊन रात्री ॲम्ब्युलन्स शोधायची वेळ कोणावर येऊ नये.
एको लहान मुलांचे हृदयतज्ज्ञ किंवा फीटल मेडिसिनवाले करतात, फोनवर तेवढं विचारून घ्या. फॉर्म एफ (गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा सोनोग्राफीचा फॉर्म) भरावा लागतो, आधारकार्ड न्या.

कोयनाकाठ:
माई, खूप धीर आला. एको नॉर्मल आला की निर्धास्त राहायचं ना?

डॉ_स्पंदन:
मोठे दोष बहुतेक कळतात. पण पडद्यातलं बारीक भोक सुटू शकतं, महाधमनीचं अरुंदपण ओळखणं अवघड. एएसडी (वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक), पीडीए (डक्टस उघडी राहणं) तर पोटात सांगताच येत नाहीत, तिथे ते रस्ते सगळ्याच बाळांचे उघडे असतात. म्हणून जन्मानंतर साधारण 24 तासांनी उजव्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन बघायला सांगा.

कोयनाकाठ:
कोल्हापूरची सोमवारची वेळ मिळाली. एचबीए1सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट न्यावा का?

डॉ_स्पंदन:
हो, पहिल्या तीन महिन्यांतला असेल तर तो आधी. हृदय त्याच काळात घडतं. ॲनॉमली स्कॅनच्या फिल्मही न्या.