नवी 'जाती' की नवी 'प्रजाती'? आणि क्लबमॉसला 'शेवाळ' म्हणायचं का?

सावली:
नमस्कार मंडळी, एक शब्दांची अडचण घेऊन आले आहे. आमच्या कॉलेजात विज्ञान दिनाला वनस्पतींचं छोटं प्रदर्शन असतं आणि या वर्षी माझ्या टेबलावर आलेत क्लबमॉस आणि स्पाइकमॉस, म्हणजे लायकोपोडियम आणि सिलाजिनेलाची मंडळी. पाट्या मराठीतच लावायच्या असं मी हट्टाने ठरवलंय कारण बघायला गावातले पालक पण येतात. आता झालंय असं की संदर्भासाठी कापून ठेवलेल्या एका जुन्या बातमीचं शीर्षक आहे 'शेवाळाची नवी प्रजाती सापडली' आणि आत फोटो चक्क सिलाजिनेलाचा. मला या चार शब्दांतले तीन खटकतात. शेवाळ हे शेवाळ नाही, प्रजाती हा शब्द इथे बरोबर आहे का याची खात्री नाही, आणि 'सापडली' म्हणजे नक्की काय झालं तेही कळत नाही. जाणकारांनी सांगावं, पाट्या पुढच्या आठवड्यात छापायला जातील.

जुना मास्तर:
सावलीताई, प्रजातीचं आधी घ्या कारण तिथे चूक सरळ सरळ आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकातली उतरंड आठवा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे मराठीत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं आहे. बातमीत ज्याला 'नवी प्रजाती' म्हटलंय ती बहुतेक वेळा नवी जाती असते. हिंदी बातम्यांत प्रजाति म्हणजे स्पीशीज आणि जीनसला वंश म्हणतात, तिथून हा शब्द आपल्याकडे तसाच उतरला. शब्द एकच, पायरी वेगळी, म्हणून तर चूक लक्षात येत नाही.

दुसरंही एक कारण मला वाटतं. 'जात' हा शब्द आपल्याकडे माणसांच्या संदर्भात इतका जखमी झालाय की झाडापाखरांबद्दलही 'जाती' लिहिताना हात अडखळतो, मग पुढे प्र लावला की शब्द सौम्य वाटतो. ही भावना मला समजते. पण पर्याय काढायचा तर नवा काढा, शेजारच्या पायरीचा शब्द उचलू नका.

केतकी:
मास्तर, पण भाषा बदलते ना? आता नव्वद टक्के लोक प्रजाती म्हणजे स्पीशीज असंच समजतात, सगळे पेपर तसंच लिहितात, मग तोच अर्थ का मानू नये? वाचणाऱ्याला काय फरक पडतो?

हर्बेरियमवाली:
केतकी, फरक पडतो, आणि सावलीने निवडलेल्या याच वनस्पतींमध्ये सगळ्यात जास्त पडतो म्हणून जरा लांबलचक लिहिते. (एमएस्सीला टेरिडोफायटाच, म्हणजे नेचे आणि क्लबमॉससारख्या बिनफुलांच्या वनस्पतींचा विषय, घेतला होता, अजूनही सुट्टीत भिंग घेऊन दरडी बघत फिरते.)

२०१६ मध्ये जगभरातल्या नव्वदहून जास्त नेचेतज्ज्ञांनी (नेचे म्हणजे फर्न) मिळून एक वर्गीकरण केलं, त्याला थोडक्यात पीपीजी वन म्हणतात. त्यात क्लबमॉसच्या कुलात प्रजाती धरल्या १६ आणि जाती साधारण ३८८. स्पाइकमॉसच्या कुलात जाती सुमारे ७०० पण प्रजाती फक्त एक, सिलाजिनेला. आता २०२३ मध्ये दोन संशोधकांनी डीएनए, बीजाणू (ज्यांतून नवं रोप उगवतं ते बारीक कण), पानं सगळं ताडून त्या एका सिलाजिनेलाच्या १९ प्रजाती कराव्यात असं मांडलं. सगळ्यांनी ते मान्य केलेलं नाही, पण बघ, जंगलात एकही नवं रोप सापडलेलं नसताना प्रजाती १ वरून १९! आता हे 'स्पाइकमॉसच्या १८ नव्या प्रजाती' असं कुणी छापलं तर वाचणारा म्हणेल वा, १८ नवी झाडं मिळाली. मिळालं काहीच नाही, जुनेच ७०० जण वेगळ्या घरात राहायला गेले. जाती आणि प्रजाती एक केलं की 'नवीन रोप कळलं' आणि 'जुन्या रोपांची मांडणी बदलली' या दोन बातम्या मराठीत वेगळ्या सांगताच येत नाहीत. शब्द गेला की तो फरकच गेला.

ओली दरड:
हे आवडलं. मी विद्यार्थ्यांना असं सांगतो की प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे नाव, आणि मतदार यादीसारखं आडनाव आधी. मुन्नारच्या बाजूला रस्त्याकडेच्या ओल्या दरडींवर एक क्लबमॉस उगवतो, सुरूच्या झाडाचं पिल्लू वाटावं असा, फांद्यांच्या टोकाला छोटे फिकट शंकू खाली लोंबत असतात. वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये त्याला लायकोपोडियम सर्नुअम म्हटलं, पुढे तो लायकोपोडिएला सर्नुआ झाला, आता पाल्हिन्हेया सर्नुआ. झाड तेच, दरड तीच, आडनाव तिसरं. शास्त्रीय नावापुढे कंसात मूळ नाव देणाऱ्याचं नाव ठेवतात, इथे लिनियसचं, म्हणजे आपण 'पूर्वाश्रमीच्या अमुक' लिहितो तसंच की.

केतकी:
आडनावाचं पटलं, मागे घेते. पण मग सर्नुअमचं सर्नुआ का झालं? नाव तर बदलायला नको ना?

जुना मास्तर:
लिंग! लॅटिनमध्ये लायकोपोडियम नपुंसकलिंगी, पाल्हिन्हेया स्त्रीलिंगी, आणि सर्नुअम हे विशेषण, 'मान खाली घातलेलं'. मराठी माणसाला हे सांगायला लागू नये, काळं कुत्रं आणि काळी गाय. इंग्रजीतून शिकणाऱ्या पोरांना हे पाठ करावं लागतं, आपल्याला ते कानाला कळतं.

सावली:
खूप मदत झाली. आता शेवाळाचं सांगा ना कुणीतरी. पालकांना 'मॉस' म्हटलं की ते भिंतीवरचं हिरवं समजणार.

हर्बेरियमवाली:
शेवाळ हा शब्द आधीच ओझ्याने वाकलाय. विहिरीतलं शेवाळ म्हणजे बहुतेक अल्गी, पावसाळ्यात कौलांवर येतं ते मखमली शेवाळ म्हणजे खरे मॉस, आपण दोघांनाही एकच शब्द वापरतो आणि घरगुती बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. पण त्यात हे तिसरं नको. मॉसला खरी मुळं नसतात, पाणी वर नेणाऱ्या खऱ्या नळ्या नसतात. क्लबमॉस आणि स्पाइकमॉसला मूळ, खोड, पान, आत पाण्याच्या आणि अन्नाच्या वाहिन्या सगळं असतं. इंग्रजीत मॉस चिकटलं कारण अठराव्या शतकात सगळे त्यांना तिथेच ठेवायचे, लिनियसनेही लायकोपोडियमला मॉसच्याच यादीत घातलं होतं. म्हणजे तो एक जुना गैरसमज आहे, इंग्रजीत तो नावात गोठून बसलाय. त्यांचा गैरसमज आपण भाषांतर करून मराठीत का आणायचा? क्लबमॉस म्हणायचं तर तसंच म्हणा, पण 'गदाशेवाळ' वगैरे नको.

आणि 'नेचेवर्गीय' पण सांभाळून. पूर्वी यांना नेच्यांचे भाऊबंद म्हणायचे, पण २००१ च्या सुमारास जनुकांवरून स्पष्ट झालं की ही फांदी फार आधीच वेगळी झाली. नातं बघायचं तर नेचा या क्लबमॉसपेक्षा आंब्याच्या झाडाला जवळचा आहे! हे वाक्य पाटीवर नक्की टाक सावली, लोक थांबून वाचतील. कोळशाच्या युगात यांचे नातेवाईक तीस मीटरच्या वर वाढायचे, आजच्या दगडी कोळशात त्यांचा मोठा वाटा आहे.

रानपाखरू:
माझ्या मते मराठी शब्द हवाच. क्लब म्हणजे तालमीतला मुदगल, क्लबमॉसचा शंकू उभा असला की तसाच दिसतो, आणि लायकोपोडियम क्लॅवॅटममधल्या क्लॅवॅटमचा अर्थही सोट्यासारखं असाच आहे. स्पाइक म्हणजे कणीस. मग 'मुदगली' आणि 'कणशी' का नको? शेवाळही नाही आणि नेचाही नाही, आपले दोन छान शब्द.

ओली दरड:
मुदगली कानाला गोड आहे. पण पाल्हिन्हेयाचा शंकू खाली लोंबतो, आणि हुपर्झिया या क्लबमॉसच्याच दुसऱ्या प्रजातीत तर कितीकदा वेगळा शंकू नसतोच, बीजाणूंच्या पिशव्या साध्या पानांच्या बगलेत असतात. तिथे मुदगल कुठून दाखवणार?

रानपाखरू:
सूर्यफूल तरी कुठे सूर्य असतं. नावाने सगळं सांगायला हवं असं नाही, ओळख लागली की पुरे. तसंही लायकोपोडियमचा ग्रीक अर्थ लांडग्याचं पाऊल असा आहे, त्यात तरी लांडगा कुठे आहे?

अनुराधा:
मध्येच येते. मी फिजिक्सवाली. आम्ही बीएस्सीला लायकोपोडियम पावडर काचेवर भुरभुरून त्यातून प्रकाश सोडायचो आणि भोवती उमटलेल्या कड्यांवरून कणाचा आकार काढायचो, साधारण तीस मायक्रॉन यायचा. ती पावडर म्हणजे या झाडाचे बीजाणू हे मला आज, इतक्या वर्षांनी, हा धागा वाचून कळलं. आणि आईच्या होमिओपॅथीच्या डब्यात लायकोपोडियमची बाटली असायची ती पण हीच! म्हणजे हा शब्द घराघरात आधीच आहे सावली, तो मराठीच समजा आणि बिनधास्त वापरा.

सावली:
अनुराधाताई, हे फारच कामाचं निघालं, पावडरची बाटली लॅबमधून मागून टेबलावर ठेवते. आणि संजीवनीचं काय? जत्रेत सुकलेली मुठीसारखी वळलेली रोपं विकतात, पाण्यात टाकली की उघडतात, ती सिलाजिनेलाच ना?

हर्बेरियमवाली:
हो, आपल्याकडे बहुतेक ती सिलाजिनेला ब्रायोप्टेरिस असते. रामायणातली संजीवनी कुठली यावर २००९ मध्ये करंट सायन्स या विज्ञान नियतकालिकात के. एन. गणेशय्या आणि सहकाऱ्यांचा लेख आला होता, त्यांनी चाळत चाळत जी मोजकी नावं उरवली त्यात ही होती. पाटीवर 'हीच ती संजीवनी' असं मात्र लिहू नका, 'संजीवनी या नावाने विकली जाणारी' लिहा. शब्दप्रेमींसाठी: ब्रायोप्टेरिस म्हणजे ग्रीकमध्ये शेवाळ अधिक नेचा. आणि ती दोन्हीपैकी एकही नाही!

आता तिसरा शब्द, 'सापडली'. मला हा सगळ्यात जास्त लागतो. मराठीत 'शोध' एकच आहे, हरवलेल्या मुलाचा शोध घेतात, ग्रामोफोनचा शोध लावतात, आणि नव्या वनस्पतीचाही शोध लागतो. पण वनस्पतीशास्त्रात सापडणं आणि नवी ठरणं यात कधी कधी आयुष्य जातं. सिलाजिनेलाचंच बघा. खोडावर पानांच्या चार ओळी, बाजूच्या दोन मोठ्या, मधल्या दोन लहान, आणि फांदी फुटते तिथे बगलेत एक वेगळं पान. त्या लहान पानांच्या कडेला दात आहेत की केस, बगलेतल्या पानाचा तळ कसा, हे भिंगाखाली बघायचं. मग कणसात दोन प्रकारचे बीजाणू, मोठ्यांच्या पिशवीत बहुतेक चारच, त्यांच्यावरची नक्षी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. कणीस पिकलेलं नसेल तर हात टेकायचे, कागदावर 'सिलाजिनेला एसपी' (म्हणजे जाती अजून ठरलेली नाही) लिहून कपाटात. असे कागद कपाटात वर्षानुवर्षं पडून असतात. सपुष्प वनस्पतींबद्दल २०१० मध्ये एक अभ्यास झाला होता, गोळा केल्यापासून पाच वर्षांत नवी म्हणून जाहीर झालेल्या जाती फक्त १६ टक्के, आणि जवळपास पाव जातींना पन्नासपेक्षा जास्त वर्षं लागली. म्हणजे नवी जाती कितीदा तरी कपाटात 'सापडते'.

आणि डोंगरातल्या ज्या बाईने ते रोप लहानपणापासून पाहिलंय तिला ते कधीच हरवलेलं नव्हतं. म्हणून मी 'शोध लागला' ऐवजी 'शास्त्रीय वर्णन झालं' किंवा 'नवी जाती म्हणून नोंद झाली' लिहिते. त्यासाठी एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो, त्याला टाइप म्हणतात, आणि वर्णन छापावं लागतं. २०११ च्या अखेरपर्यंत ते लॅटिनमध्येच लागायचं, आता इंग्रजीही चालतं.

केतकी:
आणि नंतर कळलं की हीच जाती कुणी आधीच नोंदवलेली तर?

जुना मास्तर:
मग जुनं नाव राहतं, नवं 'समानार्थी' होतं. इथेही शब्दाची गंमत बघा, भाषेत समानार्थी दोन्ही शब्द चालतात, इथे दोनातलं एकच. मला वाटतं इथे 'पर्यायी नाव' म्हणू नये कारण पर्याय म्हटलं की निवड आली. 'बाद झालेलं नाव' सरळ.

हर्बेरियमवाली:
मास्तर, 'बाद' थोडं कडक होतं, वर्गीकरण बदललं की ते नाव परत उठूनही बसतं. मी समानार्थीच ठेवेन.

सावली:
पहिली पाटी अशी केली आहे, बघून सांगा:

'पाल्हिन्हेया सर्नुआ. कुल लायकोपोडिएसी. इंग्रजीत क्लबमॉस, पण हे शेवाळ नाही: याला मूळ, खोड, पान आणि वाहिन्या आहेत. नेचा याच्यापेक्षा आंब्याला जवळचा. पहिलं शास्त्रीय वर्णन १७५३, तेव्हा प्रजाती लायकोपोडियम. प्रजाती बदलली, जाती तीच. सर्नुआ म्हणजे मान खाली घातलेली, शंकू पाहा.'

रानपाखरू:
मुदगली नाही घेतलंत :( पण पाटी छान आहे.

सावली:
रानपाखरू, तुमच्यासाठी टेबलावर एक कोरी पाटी ठेवणार आहे, 'याला तुम्ही काय म्हणाल?' अशी. मुदगली आणि कणशी सगळ्यात वर लिहिते.

ओली दरड:
पाटीत 'पान' च्या जागी 'एकशिरी पान' करा. यांच्या पानात मधोमध एकच शीर असते, भिंग ठेवलंत तर मुलांना दिसेल.