पुणे-नागपूर विमानाला नक्की किती वेळ धरायचा? (आज तिकीट काढायचंय)

घाईतला_पुणेकर: नकाशावर सरळ रेघ मारली तर पुणे-नागपूर अंतर ६०० किमीच्या आसपास येतं. विमान ताशी ८०० ने जातं म्हणतात, म्हणजे पाऊण तास. तिकिटावर मात्र कुठे १ तास २० मिनिटं, कुठे दीड तास. खरं काय? शनिवारी लग्नाला पोचायचंय. गाडी नाही, समृद्धी सांगू नका.

चौकस_काकू: मुहूर्त किती वाजता? पुण्यात राहता कुठे? हिंजवडीहून लोहगाव म्हणजे वेगळाच प्रवास. सामान चेक-इनला देणार का?

स्टिअरिंगवाला: विमान कशाला? नगर, संभाजीनगर करत समृद्धीला लागायचं, पुढे १२० ने निवांत. आम्ही दरवेळी तसंच जातो.

घाईतला_पुणेकर: गाडी नाही असं वर मराठीतच लिहिलंय.

खिडकीची_सीट: तिकिटावरची वेळ विमान पार्किंगमधून हलल्यापासून तिकडे पार्किंगला लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आलं, रांग आली. लोहगाव हवाई दलाचं, त्यामुळे त्यांची विमानंही मधे असतात. शिवाय चढताना-उतरताना ८०० चा वेग नसतो. हवेत साधारण तासभर धरा. पंख्यांचं एटीआर असेल तर वेग ५०० च्या आसपास, मग जास्त. थंडीत वारा पश्चिमेचा असला की जाताना पाच-दहा मिनिटं वाचतात, येताना तेवढीच जातात.

रुळावरचा: वंदे भारत घ्या की! पुणे-अजनी, १२ तास, खुर्ची मस्त.

खिडकीची_सीट: त्यांनी विमानाचं विचारलंय.

रुळावरचा: विमानतळावर दोन तास आधी जाऊन बसायचं, ते कोण मोजणार?

खिडकीची_सीट: दोन अधिक दीड. बारा नाही होत.

घाईतला_पुणेकर: मुहूर्त १२:१० चा. राहतो वाकडला. हातात एकच बॅग. सकाळचं विमान आठच्या आत उतरतं, तिथून वर्ध्याला पोचेन ना?

चौकस_काकू: वर्धा?? अहो, हे आधी सांगायचं ना!

रुळावरचा: बघा! वंदे भारत वर्ध्याला थांबते.

चौकस_काकू: थांबते हो, पण पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी. तोवर पंगती उठतील. आदल्या दिवशी निघावं लागेल.

घाईतला_पुणेकर: शुक्रवारी सुट्टी नाही.

वर्धेकर_भाऊ: कायले टेन्शन घेता भाऊ? सोनेगावचं विमानतळ वर्धा रोडलाच हाय, नागपूर शहरात शिरायचं कामच नाही. ७५ किलोमीटर, टॅक्सीनं दीड तास धरा. सकाळचं विमान तासभर लेट झालं तरी अक्षता टाकाले टायमात याल. दुपारचं मात्र घेऊ नका.

नवा_सदस्य: अमरावतीलाही विमानं सुरू झाली ना आता? ते जवळ नाही का पडणार?

खिडकीची_सीट: बेलोऱ्याला विमान मुंबईहून येतं. पुण्याहून आधी मुंबई गाठणार का?

गोडघाशा: वर्ध्याहून येताना गोरसपाक आणा. बाकी काही आणलं नाही तरी चालेल.

घाईतला_पुणेकर: काढलं तिकीट, सकाळचंच. धन्यवाद. टॅक्सी आधी ठरवू की बाहेर आल्यावर मिळते?

वर्धेकर_भाऊ: आधीच ठरवा. अन् हॉल नेमका कुठं हाय ते पत्रिकेत पाहून घ्या. लोकं वर्धा म्हणतात अन् निघते सेलू.