कयाकमधून फोटो: वॉटरप्रूफ कॅमेरा घ्यावा की फोनवरच भागवावं?

काठावरचा:

नमस्कार मंडळी. कयाकिंग (अरुंद, छोटी होडी वल्हवणं) आता बऱ्यापैकी अंगवळणी पडलंय. बहुतेक वेळा तलाव नाहीतर संथ नदी, कधीमधी खाडीचं खारं पाणी. फोटो मात्र धड येत नाहीत. फोन गळ्यातल्या पारदर्शक पिशवीत असतो. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही आणि फोटो सगळे धुरकट.

म्हणून छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा घ्यायचं मनात आहे. वाचायला बसलो तर एक कॅमेरा १५ मीटर म्हणतो, दुसरा ३० मीटर. मला बुडी मारायचीच नाही, मग मीटर किती बघायचे? मेगापिक्सेलला महत्त्व द्यावं की झूमला? सोबतच्या लोकांचे फोटो हवेत, आणि जमलं तर बगळे, खंड्या. जुना कॅमेरा चालेल का?

गटांगळी:

कशाला उगाच खर्च? हल्ली बरेच फोन आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) असतात. पिशवी काढून टाका आणि तसाच वापरा. फोटोही या छोट्या कॅमेऱ्यांपेक्षा सरस येतात.

वल्हेकरीण:

गटांगळी, फोटोच्या दर्जाबद्दल मान्य. पण आयपी६८ची चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते आणि काठावरचे खाडीत जातात. शिवाय ओल्या बोटांचा प्रश्न पिशवी काढूनही सुटत नाही. कॅमेऱ्याला खरंखुरं बटण असतं, एका हाताने दाबता येतं. मी तरी एवढ्यासाठीच कॅमेरा नेते.

काठावरचे, मीटर विसरा. ओएम सिस्टीमचा टीजी-७ १५ मीटरचा, निकॉनचा डब्ल्यू३०० ३० मीटरचा, पॅनासोनिकचा एफटी७ ३१ मीटरचा. कयाकमध्ये तिन्ही सारखेच. पाणी आत शिरतं ते खोलीपेक्षा बॅटरीच्या दाराच्या सीलमध्ये अडकलेल्या वाळूच्या कणामुळे किंवा केसामुळे. मेगापिक्सेलचंही तेच. या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) १/२.३ इंचाचा, म्हणजे नखाएवढा. त्यावर १२ बसवा की २०, संध्याकाळच्या उजेडात दाणे दिसणारच.

खंड्याचं मात्र स्पष्ट सांगते, नाही जमणार. टीजी-७ची लेन्स २५ ते १०० मिमी, डब्ल्यू३००ची २४ ते १२० (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). लेन्स पुढे न येता आतल्या आत सरकते, म्हणून झूम तेवढंच. पक्ष्याला ४०० मिमी तरी लागतं. तो मोठा कॅमेरा, ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) आणि किनाऱ्याला टेकून बसायचा कार्यक्रम वेगळाच. बगळा एखादे वेळी जवळ येऊ देतो, तेवढं घ्या. माणसं, डेक (कयाकचा वरचा भाग), पाणी, आभाळ यांना २५ मिमी छान पुरते. अॅक्शन कॅमेरा (गोप्रोसारखा) व्हिडिओला उत्तम, पण इतका वाइड की शेजारच्या कयाकमधला माणूस मुंगी होतो.

घेण्याआधी हातात धरून दोन गोष्टी बघा. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात मांडीवरचं वल्हं, अशा अवस्थेत अंगठ्याने चालू करून झूम करता येतं का? आणि लेन्स कोपऱ्यात असेल तर बोट फोटोत येतं का? उन्हात पोलराइज्ड चष्मा घालत असाल तर तो लावूनच स्क्रीन बघा. काही स्क्रीन आडव्या धरल्यावर दिसतात आणि उभ्या धरल्यावर काळ्याठिक्कर पडतात.

आता खरा शत्रू: थेंब. वल्हं वर उचललं की पात्यावरचं पाणी दांड्यावरून ओघळतं, बोटांवर येतं, तिथून कॅमेऱ्यावर. लेन्सपुढच्या काचेवर वाटाण्याएवढा थेंब बसतो. छोट्या स्क्रीनवर काही कळत नाही. घरी येऊन बघावं तर नेमका चेहऱ्यावर धुरकट गोल डाग. पुसायला जावं तर हाताला सनस्क्रीन, म्हणजे काच तेलकट. तेलकट काचेवर पाणी पसरत नाही, गोळे होऊन बसतं.

मी काय करते ते सांगते. निघण्यापूर्वी काच घरीच भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाने धुते आणि पुढे तिला बोट लावत नाही. फोटो काढायच्या आधी कॅमेरा पाण्यात बुडवते, वर काढते आणि लगेच क्लिक. स्वच्छ काचेवर पाण्याचा पातळ सलग पापुद्रा राहतो आणि त्यातून फोटो स्वच्छ येतो. दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढे पुरतात. काहीजण याउलट पाणी झटकणारा लेप लावतात. मला तो पटत नाही. मोठे थेंब ओघळतात, बारीक तिथेच बसतात.

सेटिंगचं थोडक्यात. टीजी मालिकेत शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा ते) स्वतः ठरवायची सोयच नाही. म्हणून संध्याकाळच्या उजेडात ए मोडवर अॅपर्चर (लेन्सचं भोक) २.० ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद) ४०० करा, शटर आपोआप १/५०० सेकंदाच्या आसपास जातं. भर उन्हात मात्र हे नको, फोटो पांढरे पडतात. कयाक कधीच स्थिर नसते, तेवढा वेग हवाच. झूम केलं की अॅपर्चर ४.९ वर येतं, तेव्हा आयएसओ आणखी चढवा. पाण्यावरच्या चकाकीने फोटो फटफटीत होतात, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) -०.७ वर आणा. आणि प्रत्येक वेळी कयाकचं नाक फोटोत घेऊ नका हो! सगळ्यांच्या अल्बममध्ये तेच नाक असतं.

पाणकोंबडी:

वल्हेकरीणताईंशी सहमत, पण गळ्यातल्या दोरीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. कॅमेरा गळ्यात अडकवू नका. कयाक उलटली तर ती दोरी वल्ह्यात किंवा डेकच्या दोरात अडकू शकते. लाइफ जॅकेटच्या पुढच्या खिशात ठेवा आणि वीतभर दोरीने जॅकेटलाच बांधा. ओढल्यावर सुटणारी क्लिप असेल तर उत्तम.

यातले बहुतेक कॅमेरे दगडासारखे बुडतात. तरंगणारा पट्टा लावा, पण विकत घेतला म्हणून विश्वास ठेवू नका. टीजी-७ बॅटरी आणि कार्डासकट जवळपास २५० ग्रॅमचा आहे आणि बारीक पट्ट्यांना तो पेलत नाही. घरी बादलीत टाकून बघा. रंग केशरी किंवा पिवळा.

खाऱ्या पाण्यातून आलात की दार न उघडता आधी कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि बटणं दाबत राहा, म्हणजे खाचांतलं मीठ सुटतं. जोराच्या नळाखाली धरू नका. पूर्ण कोरडा झाल्यावरच दार उघडा. पाण्यावर असताना बॅटरी बदलणं टाळाच, भरलेली बॅटरी आणि मोठं कार्ड घालूनच निघा. टीजी-६ असेल तर जीपीएस लॉगचं बटण बंद आहे ना बघा, ते चालू राहिलं तर कॅमेरा बंद असतानाही बॅटरी खातं.

काठावरचा:

बाप रे, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद! खंड्याचा नाद सोडला. दोन शंका. टीजी-६ जुना मिळतोय, घ्यावा का? आणि मित्राच्या कॅमेऱ्यात काचेच्या आतून वाफ धरते, तो खराब झालाय का?

वल्हेकरीण:

वाफ म्हणजे बिघाडच असं नाही. दमट हवेत दार उघडून बंद केलं की ती हवा आत कोंडली जाते. मग कॅमेरा गार पाण्यात गेला की तीच आतून काचेवर जमते. दार कोरड्या खोलीत, आदल्या रात्रीच बंद करायला सांगा. मात्र वाफेऐवजी आत थेंब दिसले तर लगेच बंद करून बॅटरी काढायची.

टीजी-६ २०१९चा, टीजी-७ २०२३चा. लेन्स, सेन्सरचा आकार, १५ मीटर, सगळं तेच. टीजी-७ला यूएसबी-सी आलं आणि उभे व्हिडिओ काढायची सोय आली, एवढाच ठळक फरक. तेव्हा टीजी-६ने तुमचं काम होईल. प्रश्न सीलचा आहे. ते रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, आणि वर्षाकाठी बदलून घ्या असं कंपनीच सांगते. विकणाऱ्याला विचारा शेवटचं कधी बदललं. दार उघडून भिंगाने सील बघा, चीर किंवा चपटा भाग दिसला तर नको. वाळू दिसली तर निदान घासाघीस करायला मुद्दा मिळाला.

गटांगळी:

मी फोनच नेणार. पण ते साबणाचं उद्या करून बघतो.