गूगल फॉर्मच्या चाचणीत बरोबर उत्तराला शून्य गुण : मदत हवी आहे

सहावीच्या चाचणीत उत्तरसूचीत 'वाऱ्यावर' आहे, मुलं तेच लिहितात, तरी काहींना शून्य मिळतं. फॉर्म दिसणारं अक्षर नाही, त्यामागचे युनिकोड, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेले क्रमांक, जुळवतो. 'ऱ्य' एका कीबोर्डवर 'ऱ', हलन्त, 'य' असा बनतो. दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त, न दिसणारा जोडक आणि 'य'. देवनागरी आणि इंग्रजी अंकांचीही तीच गत. यात मुलांचा काडीचाही दोष नाही, म्हणून गुण जायलाच नकोत.

उत्तरसूचीत दोन्ही रूपं भरता येतात, पण प्रत्येक प्रश्नाला ते जिकिरीचं आहे. उत्तरं जमा होतात त्या गूगल शीटमध्ये नुसता जोडक (शीटच्या सूत्रात युनिचार ८२०५) काढला तर 'वार्यावर' होतं. 'र'च्या जागी 'ऱ'ही घालावा लागतो. शिवाय तिथले सुधारलेले गुण फॉर्ममध्ये परत जात नाहीत.

अ‍ॅप्स स्क्रिप्टने (गूगलच्या साधनांसाठी छोटे प्रोग्रॅम लिहायची सोय) उत्तरं एकसारखी करून फॉर्ममध्येच गुण भरणारा कोड कुणाकडे आहे का?