पिंग्री: बटाट्यांच्या पलीकडे

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचा एकेकाळचा महापौर हेझन पिंग्री याची ओळख अनेकदा फक्त 'बटाटेवाला महापौर' अशी करून दिली जाते. ती अपुरी वाटते, म्हणून थोडी भर. मुळात हा डेट्रॉइटमधला जोड्यांचा कारखानदार. १८८९ला निवडून आला आणि १८९०पासून सलग चार वेळा महापौर राहिला.

१८९३च्या मंदीनंतर कामगार उपाशी राहू लागले, तेव्हा त्याने शहरातल्या रिकाम्या जमिनी मालकांकडून वापरायला मागून घेतल्या. १८९४ला सुमारे ४३० एकरांत साडेनऊशेच्या आसपास कुटुंबांनी बटाटे, घेवडा लावला. नांगरट आणि बियाणं या कामासाठी नेमलेल्या समितीकडून, राबणं कुटुंबाचं, पीकही त्यांचंच. पैसा कमी पडला तेव्हा पिंग्रीने स्वतःचा उमदा घोडा लिलावात काढला! लागवड उशिरा होऊनही पीक हाती आलं.

माझ्या मते मोठं काम मात्र दिव्यांचं. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी खासगी कंपनीवर अवलंबून न राहता १८९५ला शहराने स्वतःचं वीजकेंद्र सुरू केलं. ट्रामचं भाडं तीन सेंटवर आणण्यासाठीही तो कंपन्यांशी झगडला.

१८९६ला डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनचा गव्हर्नर म्हणून निवडून आल्यावर त्याला महापौरपदही सोडायचं नव्हतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पदं एकत्र ठेवता येणार नाहीत असा निकाल दिला, आणि १८९७ला त्याने महापौरपद सोडलं.